लाल गाडीतली टिणटिण

आमच्या घरात जेवताना "कसला आवाज येतोय?" असं विचारायला बंदी होती. बंदी आईची. हा प्रश्न कानावर पडला की बाबा हातातला घास तसाच ठेवून उठत आणि आवाज सापडेपर्यंत पुन्हा पाटावर येत नसत. तोवर भाकरी वातड होई, कालवण थिजून जाई आणि आईचं तोंड सुरू होई. एकदा माळ्यावर काहीतरी गडगडत होतं. बाबा शिडी लावून चढले आणि तासाभराने खाली उतरले ते हातात एक वाळकी सुपारी घेऊन. उंदराने ती वाशावर नेऊन ठेवली होती, वारा सुटला की ती इकडून तिकडे लोळायची. बाबांना वाटलं आपण पराक्रम केला. आई म्हणाली, "हिच्यापायी माजं बोंबलाचं कालवण गेलं. उंदराला काय, त्याचं पोट भरलेलं हाय."

पुढे केव्हातरी ही बंदी आपोआप उठली. बाबा उठेनासे झाले. विहिरीचा रहाट कुरकुरे, दाराची कडी वाजे, आणि बाबा शांतपणे जेवत राहत. आईला वाटलं, वयाबरोबर शहाणपण आलं. मला काहीच वाटलं नाही. सतरा-अठराव्या वर्षी आपले आईबाप बदलत असतात हे कुणाच्या ध्यानात येतं? त्या वयात आईबाप म्हणजे घराच्या भिंती. आता माझी साठी उलटली आहे आणि माझी मुलं माझ्याकडे त्याच नजरेने बघतात, म्हणून हे सुचतं.

बाबा आमच्या माकुणसार गावचेच. आमची वाडी लहान, चिकूची काही झाडं, नारळ आणि कडेला सुपारी. घरातून कारखान्यात नोकरीला गेलेले ते पहिलेच. सकाळी सायकलने सफाळ्याला जायचं, तिथून शटलची आगगाडी धरून बोईसरला उतरायचं आणि पुढे तारापूरच्या एमआयडीसीत, रंग तयार करणाऱ्या एका कारखान्यात फिटर म्हणून राबायचं. त्यांच्या सदऱ्याला कधी निळी, कधी पिवळी झाक असे, त्यावरून आज कुठला माल निघाला ते आई ओळखायची. पण कारखान्यात त्यांचं नाव होतं ते कानासाठी. लांब दांड्याचा एक स्क्रू ड्रायव्हर ते यंत्राला टेकवत, त्याची मूठ कानाशी धरत, डोळे मिटत आणि मग सांगत, हे बेअरिंग आठवडाभर चालेल, ते उद्या जाईल. गावातही रविवारी आमच्या ओटीवर वाड्यांचे पंप यायचे. लोक पंप जमिनीवर ठेवून बाजूला उभे राहत आणि बाबांच्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघत राहत. देवळात कौल लावताना माणसं अशीच उभी असतात.

त्यांच्या कानावर सगळ्यात जास्त विसंबून होता तो लल्लन. उत्तरेकडचा, तिशीचा, बोईसरला एका खोलीत चौघांबरोबर राहणारा. कारखान्यात सेंट्रिफ्यूज नावाचं यंत्र असतं, कपडे पिळायच्या यंत्राचा थोरला भाऊ म्हणा, ते लल्लन चालवायचा. आत भलंमोठं पोलादी पातेलं गरगर फिरतं आणि मालातलं पाणी काढून टाकतं. ते नीट फिरलं तर गरीब, बेअरिंग फुटलं तर पातेलं सुटतं आणि समोर जो असेल त्याला घेऊन जातं. लल्लनने आधीच्या कुठल्यातरी नोकरीत हे डोळ्यांनी पाहिलं होतं. तो या कारखान्यात आल्यावर एकदा बाबांनी चालू पाळीत हे यंत्र बंद करायला लावलं. सगळे हसले. उघडून बघितलं तर बेअरिंगच्या आतली कडी तडकलेली. तेव्हापासून लल्लन दर रविवारी आमच्याकडे यायचा, आईच्या हातचं पोटभर जेवायचा आणि जाताना न चुकता म्हणायचा, "भाभी, हमारी मशीन तो दादा के कान पे चलती है।" आई त्याला वर चार चिकू द्यायची.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, ती म्हणजे बिल्ले. कारखान्याच्या टूलरूममधून पाना किंवा हातोडी घ्यायची तर आपल्या नंबराचा पितळी बिल्ला खिडकीत जमा करायचा, हत्यार परत केलं की बिल्ला परत. प्रत्येकाला असे पाच बिल्ले मिळत. रुपयाएवढे गोल, वर भोक आणि मधे ठोकून उमटवलेला नंबर. बाबांचा नंबर एक्केचाळीस. घरी आले की ते बिल्ले खिशातून काढून दाराजवळच्या खिळ्याला अडकवत. चार आणि एक हे आकडे मी शाळेत जायच्या आधी त्या बिल्ल्यांवर बोट फिरवून शिकले. ज्या वर्षाची ही गोष्ट आहे त्या पावसाळ्यात पाचातला एक बिल्ला हरवला. आईने तांदळाचा डबा उपसला, बाबांनी सायकलची पिशवी उलटी केली, मी गोठ्यापर्यंत जाऊन आले. बिल्ला काही मिळाला नाही. बाबा चार दिवस घुम्यासारखे होते. नोकरी लागल्यापासून त्यांच्या हातून काही हरवलं नव्हतं.

थंडी सुरू झाली आणि एका रविवारी सकाळी आमच्या गल्लीत लाल गाडी शिरली. कारखान्याच्या मालकांचा मुलगा, ज्याला सगळे छोटे शेठ म्हणत, त्याची ती गाडी. परदेशातून आणलेली, दोनच माणसांची, इतकी बुटकी की आमची कोंबडी तिच्या टपावर न उडता चढली असती. बाबा तिच्याबद्दल घरी बोललेले होते, पावसाळ्यात तिची काच अडकली तेव्हा कारखान्याच्या आवारात त्यांनीच दार उघडून ती बसवून दिली होती. छोटे शेठ गाडीतून उतरले म्हणण्यापेक्षा वर आले. पंचविशीतला गोरटा माणूस, चेहऱ्यावर न झोपल्याची कळा.

"दादा, पागल होऊन जाईन मी," ते ओटीवर बसत म्हणाले. "टिण टिण टिण. दोन महिने झाले. मुंबईला वर्कशॉपमध्ये तीन वेळा दिली. सगळी गाडी खोलली. ते लोग बोलतात, आवाज नाहीच. माझे पप्पा बोलतात, तुझ्या डोक्यात आहे. दादा, माझ्या डोक्यात नाही ना?"

बाबा त्यांच्या तोंडाकडे एकटक बघत होते. "नाय शेठ," ते म्हणाले. "गाडीतच असेल."

छोट्या शेठनी बाबांना शेजारी बसवलं आणि केळव्याच्या दिशेने एक फेरी मारली. परत आल्यावर बाबा म्हणाले, "हाय. आवाज हाय." छोट्या शेठच्या डोळ्यांत पाणी यायचं तेवढं बाकी होतं. दोन महिन्यांत त्यांच्यावर विश्वास ठेवणारा हा पहिला माणूस.

मग बाबांनी किल्ली मागितली. मी चालवतो, म्हणाले, आणि बाजूला माझ्या पोरीला बसवतो. छोट्या शेठना हे पटेना. ते चालवतील आणि दादा ऐकतील, असं का नको?

"मालक बसला की गाडी नीट वागते, शेठ," बाबा म्हणाले. "सासू घरात असली की सून कशी?"

आईने स्वयंपाकघरातून भांडं आपटलं. ते बाबांना ऐकू गेलं नाही, हे मी तेव्हा ध्यानात घेतलं नाही. छोटे शेठ हसले आणि किल्ली दिली. आम्ही निघालो तेव्हा आई अंगणात येऊन उकडहंडी लावत होती. मडक्यात कोनफळ, रताळी, वालाच्या शेंगा रचून झाल्या होत्या. लल्लन नुकताच आला होता आणि चुलीसाठी काटक्या मोडत होता. मी गाडीत बसताना त्याने माझ्याकडे बघून मान हलवली. मला वाटलं, तो मजेने हलवतोय.

आम्ही एडवणच्या रस्त्याला लागलो. एडवण माझं आजोळ, त्या रस्त्याची वळणं मला पाठ होती. बाबा गाडी अगदी हळू, बैलगाडीच्या बेताने चालवत होते. काचा बंद, एसी चालू. रस्त्यावर लाल धूळ होती म्हणून काचा बंद, असं मी धरून चालले. वाटेत दातिवऱ्याची एक मासेवाली पाटी घेऊन चालली होती, तिने आम्हाला थांबवून गाडी पुढून मागून बघितली आणि विचारलं, "किती मानसं बसतात?" बाबा समोर रस्त्याकडे बघत होते. मी काच खाली करून सांगितलं, दोन. "मंग पोरं कुटं ठेवायची?" म्हणाली आणि आमच्या उत्तराची वाट न बघता निघाली.

मी काच वर केली. गाडी पहिल्या वळणाला आली आणि मला ऐकू आलं. टिण. मग खड्ड्यात चाक गेलं, टिण टिण. बारीक, स्वच्छ, एखाद्या वाटीत मणी पडावा तसा. मी बाबांकडे बघितलं तर बाबा माझ्याकडेच बघत होते.

"आला," मी म्हणाले.

"हां, आला," बाबा म्हणाले. अगदी जरासं उशिरा.

दोन-तीन वेळा असं झालं. आवाज झाला की मी "आला" म्हणायची, मग ते म्हणायचे. नजर रस्त्यावरून माझ्या तोंडाकडे, तोंडाकडून रस्त्यावर. मग मी जे केलं ते मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. सरळ सपाट रस्ता होता, गाडी जवळपास थांबलेली होती आणि आत कसलाही आवाज नव्हता. मी म्हणाले, "आला."

"हां, आला," बाबा म्हणाले.

आधी मला राग आला. आपला बाप आपल्याला फसवतोय, आपल्या कानांवर स्वतःची इभ्रत चालवतोय आणि आपल्याला सांगतही नाही, याचा राग. तो राग सुरूच्या झाडांपर्यंत टिकला. मग लाज वाटली, आणि ती लाज अजून आहे. माणसाला चाचपून बघायची ती रीत नव्हे. आंधळ्याच्या वाटेत पाटा ठेवून बघण्यातला प्रकार तो. बाबांनी मात्र गाडी कडेला लावली, खाली उतरले आणि नेहमीच्या सुरात म्हणाले, "नंदे, आता कमी करत जाऊ."

कमी करत जाणं ही त्यांची पद्धत. जे निघतं ते सगळं काढायचं, मग चालवायचं. आवाज गेला तर एकेक वस्तू परत ठेवत जायची. आम्ही डिकीतला जॅक, पाने, जादा चाक, छोट्या शेठच्या टेनिसच्या बॅटा, पुढच्या कप्प्यातले गॉगल आणि गणपतीची मूर्ती, सगळं सुरूच्या बनात एका चादरीवर मांडलं. फेरी मारली. आवाज तसाच. बाबा माझ्याकडे बघून "हाय ना अजून?" असं विचारायला लागले होते आणि मी "हाय" म्हणत होते. "आला"चं नाटक आम्ही दोघांनीही सोडून दिलं होतं. पुढचा तासभर आम्ही फार छान काम केलं. मी कान टेकवायची जागा सांगायची, ते तळहात टेकवायचे. मी सीटखाली डोकं घातलं, पुढच्या फळीला कान लावला, शेवटी दाराला लावला. डाव्या दाराला. तिथे तो अगदी माझ्या कानाच्या पाळीशी होता.

आणि मग वर्कशॉपचं कोडं सुटलं. आणखी नीट ऐकू यावं म्हणून मी चालत्या गाडीत काच खाली केली, तर आवाज बंद. वर केली, पुन्हा सुरू. मी तीनदा करून बघितलं. दाराच्या पोटात काहीतरी सुटं होतं, आणि खाली उतरलेली काच त्याच्यावर बसून त्याला दाबून धरत होती. मुंबईच्या वर्कशॉपमधल्या झाडून साऱ्या कारागिरांनी आवाज नीट ऐकू यावा म्हणून आधी काच खाली केली असणार, आणि म्हणून त्यांना तो कधीच ऐकू आला नाही. बाबांनी काच खाली केली नव्हती. ज्याला ऐकूच येत नाही तो काच कशाला खाली करील? म्हणजे तो आवाज सापडला तो बाबांच्या बहिरेपणामुळे, असं म्हटलं तरी चालेल. पुढे पालघरच्या शाळेत मी तीस वर्षं विज्ञान शिकवलं. ध्वनीचा धडा आला की दरवर्षी ही गोष्ट ओठांवर यायची आणि दरवर्षी मी ती गिळायची.

सामान परत गाडीत भरून घरी आलो तेव्हा उकडहंडीचा वास अंगणभर होता. छोटे शेठ एक शहाळं संपवून दुसऱ्यावर होते. बाबांनी गाडी चिकूच्या झाडाखाली घेतली आणि दाराच्या आतलं आवरण स्क्रू काढून अलगद सोडवलं. आत पत्रा आणि पत्र्यात एक अरुंद खाच. बाबांचा पंजा तिच्यात जाईना. "तुजा हात घाल," ते मला म्हणाले. मी जमिनीवर बसले. डाव्या बाजूला चटईवर सोललेल्या सुपाऱ्या वाळत होत्या, डोक्यावर छोटे शेठ वाकलेले, त्यांच्यामागे लल्लन. मी कोपरापर्यंत हात घातला. वंगण, धूळ, एक तार. मग तळाशी काहीतरी गोल, चपटं, गार. कडेला भोक. मी बोट फिरवलं.

चार. एक.

बघायची गरजच नव्हती. सगळं एकदम समजलं. पावसाळ्यात काच बसवताना बाबा या दारावर वाकले असतील, सदऱ्याच्या खिशातून बिल्ला पत्र्यावर पडला असेल. पितळ पत्र्यावर पडलं की केवढ्याने वाजतं! शेजारचा माणूस दचकावा इतकं. बाबांनी वर आवरण लावून स्क्रू पिळले असतील.

"मिळाला?" छोटे शेठ म्हणाले.

त्या क्षणी मला एवढंच दिसत होतं की हा बिल्ला बाहेर आला की बाबांचं नाव गेलं, आणि कदाचित नोकरीही. मी उजवी मूठ आवळून हात बाहेर काढला, पाठीशी नेला आणि डाव्या हाताने चटईवरची एक सुपारी उचलून पुढे केली. "सुपारी," मी म्हणाले. "गाडीची पूजा केली असेल ना, त्यातली."

मी इतकी सफाईने खोटं बोलू शकते हे मलाच माहीत नव्हतं. छोटे शेठ त्या सुपारीकडे बघत राहिले आणि मग खदखदून हसले. "मम्मी! मम्मीने ठेवली असणार! एक सुपारीने मला पागल केला!" त्यांनी आवरण जेमतेम बसवू दिलं, गाडी काढली, गावाच्या वेशीपर्यंत भरधाव नेऊन परत आणली. आवाज नव्हता. गाडीतून वर येताच त्यांनी बाबांचे दोन्ही हात धरले.

"दादा, तुमच्या कानाला तोड नाही. ऐका, नवीन दोन सेंट्रिफ्यूज येतात पुढच्या महिन्यात. डबल साइजचे. मी पप्पांना सांगतो, सगळ्या मशीनची जबाबदारी तुमची. तुम्ही बोलला चालू तर चालू, तुम्ही बोलला बंद तर बंद. बाकी कोणाचं ऐकायचं नाही."

लल्लनची ड्यूटी त्या नव्या यंत्रावर लागणार हे आम्हाला आधीच माहीत होतं. तो काटक्या हातात घेऊन उभा होता. तो हसला नाही. नेहमीचं ते कानाचं वाक्यही त्याने म्हटलं नाही. आई मडक्यावरचा पाला काढता काढता थांबली. तिला वाटलं, आता पेढे आणायला पाहिजेत.

बाबांनी छोट्या शेठच्या हातातून आपले हात सोडवून घेतले. माझ्याकडे वळले. त्यांना माझी मूठ मघाशीच दिसली होती. तासभर त्यांनी माझ्या तोंडाकडे बघूनच तर काम केलं होतं, तोंडावरचं खोटं त्यांना दिसणार नाही असं मला कसं वाटलं, कोण जाणे.

"मूठ उघड," ते म्हणाले.

मी मान हलवली. नाही म्हणून.

"उघड गं, नंदे."

मी उघडली. त्यांनी बिल्ला उचलला, सदऱ्याला पुसला आणि गाडीच्या लाल टपावर ठेवला. "शेठ, सुपारी नाय. माजा बिल्ला हाय. पावसात काच बसवली तवा माज्याच खिशातनं पडला." मग म्हणाले, "पडल्याचं मला ऐकू नाय आलं. मगाशी तुमच्या बाजूला बसलो तवा पन काय ऐकू नाय आलं. ऐकलं ते हिनं. मी नुसता गाडी चालवत होतो."

छोटे शेठ त्या बिल्ल्याकडे बघत होते. मान खाली घालूनच त्यांनी विचारलं, "कब से?"

बाबा उत्तराच्या तयारीने त्यांच्याकडे बघत राहिले. प्रश्न विचारून झाला आहे हे त्यांना कळलंच नव्हतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात लल्लन पुढे आला. त्याने बाबांच्या खांद्याला हलकेच दोनदा थापटलं, बाबा वळले, आणि लल्लन त्यांच्या तोंडासमोर तोंड आणून सावकाश, ओठ नीट हलवत म्हणाला, "पूछ रहे हैं, कब से।"

ती थाप सवयीची होती. ती मला अजून डोळ्यांसमोर दिसते. दर रविवारी आमच्या ओटीवर बसून कानाचे गोडवे गाणाऱ्या या माणसाला सगळं ठाऊक होतं. तरी तो रोज जाऊन त्या यंत्रापुढे उभा राहत होता.

"दोन पावसाळे झाले," बाबा म्हणाले. "हाताला कळतं मला थोडंफार. तेवढ्यावर ढकलत होतो. पन नवी मशीन मोठी हाय, शेठ. तिच्यापुढं हा उभा राहणार. ह्याला माज्या कानावर नका ठेवू."

छोटे शेठ वाईट माणूस नव्हते. ते रागावले नाहीत. गाडी तर बरी झाली होती, मग एवढं अवघडल्यासारखं का वाटतंय, असा त्यांचा चेहरा होता. आईने त्यांना पानावर बसवलं. उकडहंडीतली रताळी त्यांना फार आवडली. निघताना त्यांनी बिल्ला उचलून बाबांच्या हातात दिला आणि काच वर करून, आवाज न करता, गाडी घेऊन गेले. लल्लन त्या दिवशी चिकू न घेताच निघाला होता. आईने त्याला फाटकातून परत बोलावून ते दिले.

पुढचं थोडक्यात सांगण्यासारखं आहे. बाबांची नोकरी राहिली. त्यांना टूलरूमच्या खिडकीत बसवलं. लोकांनी बिल्ला द्यायचा, बाबांनी पाना द्यायचा. तिथे ऐकायचं फारसं काही नसतं, नंबर दिसला की झालं. नव्या सेंट्रिफ्यूजना आवाज आणि हादरे मोजणारा काटा बसवला. लल्लन सगळी वर्षं त्यांच्यापुढे उभा राहून दोन्ही हात शाबूत घेऊन गावी गेला. त्याचा मुलगा अजून दिवाळीला फोन करतो. मात्र गावातले पंप यायचे बंद झाले. बातमीला पाय लागतच नाहीत. पहिल्या रविवारी बाबा ओटी झाडून बसले होते. दुपारपर्यंत कुणी आलं नाही, तेव्हा त्यांनी तो लांब स्क्रू ड्रायव्हर पुसून वाशात खोचून ठेवला. तेव्हा मला फार वाईट वाटलं. त्या लाल गाडीच्या दिवशी वाटलं होतं त्याहून जास्त.

पण त्या दिवसाचं थोडं राहिलं आहे. सगळे गेल्यावर दिवेलागणीला आई विहिरीवर भांडी घासत होती. बाबा ओटीवर होते. बिल्ला खिळ्याला अडकवायच्याऐवजी त्यांनी तळहातावर धरला होता. मी जवळ जाऊन त्यांच्या समोर बसले, त्यांना माझं तोंड दिसेल अशी. त्या दिवसापासून मी नेहमी तशीच बसत आले.

"कसा व्हता गं आवाज?" त्यांनी विचारलं.

मी आत जाऊन हिंगाची रिकामी पत्र्याची डबी आणली, बिल्ला तिच्यात टाकला, झाकण लावलं आणि त्यांच्या उजव्या कानाशी धरली. यंत्रांचे आवाज ऐकताना ते डोळे मिटत, तसे त्यांनी मिटले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. कपाळावरची शीर, पापणीला लागलेली लाल धूळ, किंचित पुढे आलेला खालचा ओठ. मग ते हसले आणि म्हणाले, "आला."

मी डबी अजून हलवलीच नव्हती.

"हां, आला," मी म्हणाले.